पिशवीच्या भोकातून पाहिलेली माणसं

मी रोलवाला जुना कॅमेरा बोलतोय. थोडं सावकाश बोलीन, सांभाळून घ्या. माझ्या कपाळावर कुठल्याशा परक्या लिपीत नाव कोरलं आहे, पण ते मला वाचता येत नाही. शाळा आपल्या नशिबी नव्हती. माणसांचे चेहरे मात्र खूप पाहिले.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतात ते नत्थूजी. त्यांनी मला तीस वर्षं उमरेडच्या बाजारात हिंडवलं. त्यांची एक रीत होती. फोटो आधी कधीच नाही. आधी माणसाजवळ उकिडवं बसायचं, गाव विचारायचं, लेकराबाळांची चौकशी करायची. तोवर माझ्या डोळ्यावरचं टोपण निघत नसे. शेवटी समोरचाच कंटाळून म्हणे, "काढ ना गा आता, किती बोलतं!" त्यामुळे माझ्याकडे जो पाही, तो सरळ डोळ्यात पाही. मला वाटायचं, जग असंच असतं.

पुढे नत्थूजींचे हात म्हातारपणानं थरथरू लागले. तेव्हा नागपुरात जरीपटक्यात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या नंदिनीच्या हातात त्यांनी मला दिलं. म्हणाले, "ठेव वं पोरी. हा काही बोलत नाही. बोलायचं काम तुलेच करा लागते."

आणि तेच तर तिला जमत नव्हतं.

नंदिनी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत रिपोर्ट टाईप करते. दिवसभर नुसती नावं, चेहरा एकही नाही. चेहऱ्यांची तिला फार ओढ. पण अनोळखी माणसासमोर उभी राहिली की विचारायचं राहूनच जायचं. एका फुलवालीला फोटोचं विचारायला ती पाच वेळा गेली आणि पाचही वेळा गजरा विकत घेऊन परतली. तिचा नवरा धम्मानंद हसला. "अवं, केस खांद्यापर्यंत, अन् गजरे पाच?"

मग तिनं एक युक्ती केली. कापडी पिशवीला भोक पाडलं आणि मला आत बसवलं. पिशवी कमरेशी, बोट आत खटक्यावर. कोणाला विचारायला नको, कोणाशी बोलायला नको.

दोन वर्षं मी त्या पिशवीत काढली. आत अंधार, डब्यातल्या भाजीचा वास, आणि जगाच्या नावानं रुपयाएवढं भोक. त्यातून मला हनुवट्या दिसायच्या, पाठमोऱ्या माना दिसायच्या. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. मला गुदमरल्यासारखं व्हायचं. पण सांगणार कोणाला? नंदिनीचे शब्द घशात अडकलेले, आणि मला तर घसाच नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही लकडगंजात गेलो. तिथं धान्याच्या दुकानांबाहेर फुटपाथवर रुखमाबाई बसतात. फाटकी पोती दाभणानं शिवून विकतात. नंदिनी समोर थांबली आणि तिनं खटका दाबला. माझा आवाज मोठा आहे. एरवी रस्त्याच्या गलक्यात बुडून जातो, पण दुपारची वेळ, हमाल जेवायला गेलेले. सगळं चिडीचूप.

रुखमाबाईंचं दाभण थांबलं. "काय वं, पिशवीत काय वाजलं?"

खरं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. नंदिनी म्हणाली, "काही नाही."

तिथंच सगळं बिघडलं. आठवड्यापूर्वी कोणी माणूस मोबाईलवर या फुटपाथचे फोटो काढून गेला होता, आणि दोनच दिवसांत अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन या बायांची पोती उचलून घेऊन गेली होती. शेजारची मनकर्णा उठून आली. तिनं पिशवी ओढली, मला बाहेर काढलं. "पाय वं माय! आता बाया पाठवून राहिले! दाखव, काय काढलं?"

"यात लगेच दिसत नाही... रोल धुवा लागते," नंदिनी कशीबशी म्हणाली.

"कोन्त्या कॅमेऱ्यात दिसत नाही आजकाल? आमाले येडं समजते का?"

नंदिनीचे डोळे भरले. तिला एवढंच सांगायचं होतं की मी पोती न्यायला आलेली नाही. पण शब्द फुटला नाही. ती वळली आणि चालू लागली. मला तिथंच सोडून.

रुखमाबाईंनी मला एका पोत्यात घातलं आणि तोंड बांधलं. पिशवीला निदान भोक तरी होतं. इथं नुसती तागाची धूळ आणि तुरीचा वास. रोज संध्याकाळी बाहेरून मनकर्णा म्हणे, "आली पाय, पल्याड उभी हाय." थोड्या वेळानं म्हणे, "गेली."

असे चार दिवस.

पाचव्या दिवशी आवाज अगदी जवळून आला. "मावशी."

"बोल."

बाहेर चपला पुढेमागे घासल्याचा आवाज आला. मग नंदिनी म्हणाली, "मी खोटं बोलली. फोटो काढला होता. न विचारता."

"काहून?"

"विचारायची भीती वाटते."

"माह्या हाती दाभन होतं म्हणून?"

"नाही. सगळ्याइचीच वाटते."

रुखमाबाई म्हणाल्या, "माहा फोटो काही इथून जाणार नाही. सतरा पोते गेले माहे."

"मग मी कॅमेरा इथंच उघडते. ऊन लागलं की सारं जळते."

"सारं म्हंजे?"

"एकतीस फोटो आहेत."

"कोणाचे?"

"माहीत नाही."

"एकाचंही नाव नाही?"

पोत्याचं तोंड सुटलं. रुखमाबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. "उघड."

तिचा अंगठा माझ्या पाठीवर कितीतरी वेळ थांबला. तीन महिन्यांच्या संध्याकाळी माझ्या पोटात होत्या. मग तिनं मागचं झाकण उघडलं. वैशाखातलं ऊन सरळ आत आलं. एकतीस माणसं एका क्षणात गेली. कोणाला कळलंही नाही, जसं ती टिपली तेव्हा कळलं नव्हतं.

रुखमाबाईंनी रोलची लांब पट्टी उन्हात धरली. "यात तर काहीच नाही."

"आता नाही."

त्यांनी पट्टी हळूच गुंडाळून खाली ठेवली. "लोकं होते नं वं यात," म्हणाल्या. मग पाण्याची बाटली पुढे केली. "बस."

पाणी पिऊन नंदिनीनं विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"घ्या!" मनकर्णा ओरडली. "पाच दिवसानं नाव इचारून राहिली!"

आता पिशवी नाही. मी तिच्या गळ्यात उघडा लटकतो. नवीन रोल घातला त्याला तीन महिने झाले, फोटो झाले अकरा. रुखमाबाईंचा त्यात नाही. त्या अजून म्हणतात, "बस, बोल, पण काढू नको." नंदिनी बसते. बाकी पुष्कळ संध्याकाळी ती कोणासमोर उभी राहते, ओठ हलतात, आवाज येत नाही. त्या क्षणी मी पुन्हा पोत्यात असतो, बाहेर कितीही ऊन असो.

म्हणून तुम्हाला एक मागतो. नागपुरात कधी एखादी बाई तुमच्यासमोर अडखळत थांबली, तर घड्याळ पाहू नका. तिचं वाक्य पुरं होऊ द्या. फोटो नको असेल तर खुशाल नाही म्हणा. नाही ऐकायला ती शिकली आहे. विचारायलाच तिला अजून वेळ लागतो.