शेठ जेवत नाही

वृद्धाश्रमात तिला सगळेच मावशी म्हणायचे. मॅनेजर म्हणायचा, स्वयंपाकी म्हणायचा, आणि तिच्या आईपेक्षा वयाने मोठे, दात गेलेले आजोबासुद्धा म्हणायचे. तिचं काम एकच होतं, भरवण्याचं. ज्यांचे हात थरथरतात, ताट समोर आहे हेच जे विसरतात, जे रागाने तोंड मिटून बसतात, त्यांची वाटी रिकामी करायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, गालाच्या खळग्यात बोटाने हलकंच दाबायचं, तोंड उघडलं की घास आत, आणि मग गळ्यावरून दोन बोटं खालपर्यंत फिरवायची. माणूस गिळतोच. एखाद्या म्हाताऱ्याने वाटी भिरकावली की सिस्टर हात टेकायची आणि म्हणायची, "मावशीला बोलवा." मावशी यायची आणि रिकामी वाटी घेऊन जायची. तिला याचा अभिमान होता, आणि का नसावा? बाकी आयुष्यात फार काही मनासारखं झालं होतं अशातला भाग नव्हता.

अशा बाईच्या घरात एक बेडूक उपाशी बसला होता.

बेडूक तिच्या लेकीचा. बापाने वाढदिवसाला आणून दिलेला. मुठीएवढा, गोल, अर्धं अंग मातीत रुतलेलं आणि उरलेलं अर्धं म्हणजे नुसतं थोबाड. गादीवर बसून राहायचं, काम काही करायचं नाही आणि ताट पुढ्यात आलं की तेवढा जबडा उघडायचा, म्हणून लेकीने त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. जुन्या घरी चिमट्यात गांडूळ धरून त्याच्यासमोर नुसतं हलवलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत ते गडप व्हायचं. मावशीला तो फारसा आवडायचा नाही, पण त्याच्या जेवणावर मात्र ती खूश होती. खाणाऱ्या जिवावर तिचा राग टिकत नसे.

मग जुनं घर सुटलं. नवऱ्याचं दुसरीकडे जमलं होतं. ते आधी गल्लीला कळलं, मग नातेवाइकांना, आणि सगळ्यात शेवटी मावशीला. घर त्याच्या नावावर होतं. मावशीने लेकीला घेतलं, कपडे घेतले, भांडी घेतली, आणि काचेची पेटी मांडीवर ठेवून लेक टेम्पोत पुढे बसली. नवी खोली एका वर्कशॉपच्या वर होती. खाली पत्र्याची झाकणं कापणारं मशीन होतं. त्याचा दणका बसला की फळीवरचे कप वाजायचे, आणि शेठच्या पाण्याच्या बशीत गोल गोल लाटा उठायच्या. सकाळी सुरू झालेलं मशीन दिवेलागणीला बंद व्हायचं. माणसांना चार दिवसांत त्याची सवय झाली. शेठने मात्र तोंडाला जे कुलूप लावलं ते उघडलंच नाही.

लेक प्राण्यांच्या दुकानात जाऊन विचारून आली. नव्या घरात आल्यापासून ती आईशी कामापुरतंच बोलायची. त्या दिवशी मात्र बरंच बोलली.

"तो घाबरलाय, आई. जागा बदलली की त्यांना ताण येतो. दुकानवाले काका म्हणाले, हात लावायचा नाही, सारखं डोकावायचं नाही. पेटीला बाहेरून कागद लावून अंधार करायचा. खाणं ठेवायचं आणि निघून जायचं."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर उचलून टाकायचं. पुन्हा दोन दिवसांनी ठेवायचं. हे बेडूक कितीतरी दिवस उपाशी राहू शकतात. भूक लागली की खाईल."

भूक लागली की खाईल. हे वाक्य मावशीच्या ओळखीचं होतं. घर बदलायला तिने रजा घेतली होती, तेव्हा आश्रमातल्या मास्तरीणबाईंनी जेवण सोडलं होतं. मास्तरीणबाई फक्त मावशीच्या हातून खायच्या. बदली आलेल्या मुलीने ताट ठेवलं, ताट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. भूक लागली की खातील, असं तिने सिस्टरला सांगितलंसुद्धा. मावशी कामावर परतली तेव्हा त्या खाटेवर नवी चादर घातलेली होती. डॉक्टर म्हणाले, त्यांची वेळच आली होती. मावशीने मान हलवली, पण मनातून ते मानलं नाही. तिच्या लेखी ती बाई एका न उचललेल्या चमच्याने गेली होती.

त्यात बापाचा फोन आला. लेक जिन्यात जाऊन त्याच्याशी बोलली आणि परत येऊन भिंतीकडे बघत म्हणाली, "पप्पा म्हणतात, शेठला तिकडे आणून ठेव. जुनी जागा आहे, तिथे खाईल. रविवारी संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर ते न्यायला येणारेत."

"नेऊ दे की. त्यांनीच आणला होता."

"मी पण जाईन मग. त्याचं करायला कोण आहे तिकडे? थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे किती, हे मावशीला कोणी सांगायला नको होतं. तिकडे स्वतःची खोली होती, खिडकीत झाड होतं, बाप हवं ते आणून द्यायचा, आणि ती दुसरी बाई, लोक सांगत होते, बोलायला गोड होती. एकदा गेलेली पोर या दणक्यांच्या खोलीत कशाला परत येईल? नवरा सुटला तेव्हासुद्धा मावशी इतकी घाबरली नव्हती. आता सगळं येऊन थांबलं होतं त्या मातीत बसलेल्या थोबाडापाशी. त्याने एक गांडूळ खाल्लं, तर लेक राहणार होती.

लेकीने मात्र आशा सोडली नव्हती. तिने पेटीखाली जुनं ब्लँकेट घड्या करून घातलं. बशीतल्या लाटा कमी झाल्या. काचांना वर्तमानपत्र चिकटवलं, उबेसाठी बाजूला छोटा दिवा लावला. पेटीजवळून जाताना ती पाय न वाजवता जायची आणि आईनेही तसंच जावं म्हणून डोळे वटारायची. शुक्रवारी ती म्हणाली, "रविवारी मशीन बंद असतं. मागच्या रविवारी आपणच भिंतीत खिळे ठोकत बसलो होतो. या रविवारी अगदी गप्प राहू. मला वाटतं, तो खाईल."

"बरं."

"तू हात लावणार नाहीस ना त्याला?"

"मी कशाला लावू?"

"लावणार नाही म्हण."

"नाही लावणार, बाई."

शनिवारी लेकीची शाळेची सहल होती आणि मावशीची अर्धी ड्युटी. ती दुपारी घरी आली, हात धुतले, आणि मनाशी म्हणाली, नुसतं बघते. कागदाचा कोपरा उचलून तिने आत पाहिलं. शेठ होता तिथेच होता. पण पाठीची दोन हाडं वर आली होती आणि कातडी सैल पडली होती. असं अंग तिने खाटांवर कितीदा पाहिलं होतं. यानंतर काय होतं ते तिला पाठ होतं. कालचं गांडूळ मातीवर वाळून गेलं होतं. खालून दणका बसला, बशीतलं पाणी हललं, आणि शेठने डोळे मिटून घेतले.

दुकानवाला सांगतो बसून राहा, पोरगी सांगते बसून राहा. बसून राहिल्याने कोणाचं पोट भरलंय? उद्याचा दिवस शांत जाईल, तो खाईल, हे सगळं कदाचित. आणि नाहीच खाल्लं तर संध्याकाळी दारात बाप उभा. मावशीने पर्समधून आश्रमातला तिचा छोटा चमचा काढला. पिशवीत ओल्या मातीत गुंडाळलेली गांडुळं होती. ती आश्रमाच्या बागेतून सकाळीच उकरून आणली होती. म्हणजे नुसतं बघायचं नव्हतंच. हे तिचं तिलाही माहीत होतं.

तिने त्याला ओल्या फडक्यात धरलं. तो गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा हलका. खालच्या ओठाला चमचा टेकवला. तोंड उघडेना. गालाच्या जागी बोटाने दाबलं. तरी उघडेना. मावशी हरणारी नव्हती. "चल रे राजा, एवढा एकच घास," ती म्हणाली. आश्रमात ती सगळ्यांना हेच म्हणायची. चमच्याची कड तिने ओठांच्या फटीत घातली आणि जराशी फिरवली. काहीतरी बारीकसं करकरलं. तोंड उघडलं. तिने गांडूळ आत सारलं, जबडा मिटवून धरला आणि गळ्यावरून दोन बोटं खाली फिरवली. पुन्हा फिरवली. शेठने पाय झाडले, मग थांबवले. डोळे मिटले. तोंडाबाहेर काही आलं नाही.

मावशीने त्याला अलगद मातीत ठेवलं, कागद नीट चिकटवला, चमचा धुतला. तिच्या हातांना तेच समाधान वाटलं, जे रोज वाटायचं. आपण होतो म्हणून झालं.

लेक सहलीहून आली ती धुळीने माखून. मावशीने भांडी घासता घासता, वळूनही न बघता सांगितलं, "शेठने खाल्लं गं."

"काय?"

"दुपारी. गांडूळ ठेवलं आणि बाजूला झाले. मागे वळून बघते तर तोंडात."

"गिळलं? गिळताना त्यांचे डोळे आत जातात. तू पाहिलंस?"

"हो तर. डोळे मिटले की त्याने."

लेकीने पिशवी होती तिथेच टाकली आणि येऊन मागून आईला मिठी मारली. ओल्या हातांनी मावशीला तिला धरता येईना. किती दिवसांनी पोरगी अशी बिलगली होती. पेटीकडे जाऊन बघायचा मोह लेकीने आवरला, कारण जेवलेल्या बेडकाला त्रास द्यायचा नसतो. तिने आपणहून बापाला फोन लावला. "येऊ नका पप्पा, त्याने खाल्लं. नाही, इकडेच. मी इकडेच आहे." जेवताना ती सहलीतल्या गमती सांगत राहिली, मावशीने वाढलेलं सगळं खाल्लं, वर आणखी भात मागितला. मावशीला वाटलं, आता लागली गाडी रुळावर. आपण खोटं बोललो याची बोच होती, पण ती भाताच्या वाफेत विरून गेली.

रविवारी सकाळी मशीन बंद होतं. मावशीला जाग आली ती त्या शांततेनेच. लेक आधीच उठून पेटीसमोर उकिडवी बसली होती. कागद बाजूला काढलेला होता.

"आई, इकडे ये."

शेठ पाण्याच्या बशीत अर्धा कलंडून पडला होता. तोंड मिटलेलं नव्हतं. जबडा एका बाजूला सरकून लोंबत होता आणि आत गांडूळ दिसत होतं, सगळंच्या सगळं. खालच्या ओठावर एक सरळ चीर होती, चमच्याच्या कडेएवढी.

लेकीने बराच वेळ त्या चिरेकडे पाहिलं. ती रडली नाही. रडली असती तर मावशीला तिला जवळ घेता आलं असतं.

"त्याने खाल्लं होतं, की तू भरवलंस?"

दुसरं काही सांगता आलं असतं. तोंडात अडकलं असेल, म्हणता आलं असतं. आजारीच होता, दुकानवाल्याला काय कळतं, म्हणता आलं असतं. मावशीने ती सगळी वाक्यं मनात जुळवली.

"भरवलं," ती म्हणाली.

"कशाने?"

"चमच्याने. तो मरेल असं वाटलं मला. मग तू गेली असतीस."

लेकीने मान हलवली. समजलं, एवढंच. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तिने शेठला ठेवलं आणि खाली वर्कशॉपच्या मागे, जिथे पत्र्याच्या कातरणांखाली थोडी माती होती, तिथे पुरून आली. मावशी बरोबर निघाली होती, तेव्हा लेकीने दार अर्धवट ओढून घेतलं. परत आली तेव्हा नखांत माती होती आणि एका बोटाला पत्रा लागला होता. मावशीने पट्टी पुढे केली. लेकीने ती घेतली आणि स्वतःच लावली.

"पप्पांना फोन करायचाय का?" मावशीने भीत भीत विचारलं.

"कशाला? तिकडे नेणार कोणाला?"

म्हणजे पोरगी राहणार होती. मावशीला जे हवं होतं ते झालं होतं. पण हायसं वाटत नव्हतं.

दुपारी तिने भात केला, अंडी उकडली, लेकीचं ताट वाढलं आणि तिला हाक मारली. लेक आली. ताटाकडे पाहिलं. मग तिने ते उचललं, भात परत पातेल्यात घातला, अंडं परत भांड्यात ठेवलं. रागाने नाही. एक दाणा सांडू न देता.

"मला वाढत जाऊ नकोस," ती म्हणाली. "माझं मी घेईन."

आणि तिने घेतलं. स्वतःच्या हाताने, नेहमीएवढंच. मावशी समोर बसली होती. पोरगी घास घेते आहे का, चावते आहे का, गिळते आहे का, हे बघायची तिच्या डोळ्यांची सवय जात नव्हती. लेकीने दोन घास खाल्ले आणि मान वर केली. आई बघत होती. तशी लेक ताट उचलून जिन्यात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मावशी आत बसून राहिली. चमचा ताटावर वाजल्याचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता. पोरगी जेवत होती. नीट, पोटभर जेवत होती. फक्त उठून तिच्याजवळ जायची सोय आता मावशीला उरली नव्हती.