आईची घरं

रविवारी सकाळी क्षिप्राताईंच्या मागच्या दारी माझ्या आईच्या जागी हेमालीवहिनी उभी राहिली, पाटीत पापलेटं घेऊन. आणि क्षिप्राताईंनी ती घेतली. एवढंच झालं. पोलिसांत जाण्यासारखं काही नाही. पण आमच्या कोळीवाड्यात ह्याला चोरी म्हणतात, आणि मी तेव्हापासून जी तापले आहे ती अजून निवलेली नाही.

आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडे. इथं मासळी विकणाऱ्या प्रत्येक बाईची घरं ठरलेली असतात. कुणाची बागायतदारांची, कुणाची बंगल्यांची. सासू म्हातारी झाली की ती सुनेला प्रत्येक दारी घेऊन जाते आणि सांगते, आता ही येईल. झालं, ती घरं सुनेची. दुसरी कुणी तिथं पाटी उतरवत नाही, मग तिच्याकडची मासळी कितीही ताजी असो. क्षिप्राताई अलिबागच्या कोर्टात वकील आहेत. त्यांच्या वाडीवर आधी माझी आजी जायची, मग आई. त्यांच्याकडे कोण सुरमई खातं आणि कोणाला काट्याची मासळी चालत नाही, हे आईला पाठ आहे.

आणि ह्या सगळ्यात घुसलं कमलेशदादाचं ॲप.

कमलेशदादा म्हणजे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सदाकाका, त्यांचा पुतण्या. न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कम्प्युटरवर असतो. दिवाळीत घरी आला तो लॅपटॉप काखेत आणि त्यात एका कंपनीचं तयार ॲप घेऊनच. आता सगळं क्लाउडवर असतं म्हणाला. बायकांनी आपापल्या घरांची नावं आणि फोन नंबर सांगितले, त्यानं भराभर भरले. गिऱ्हाईक मोबाईलवर ऑर्डर देईल, बाईच्या मोबाईलवर घंटी वाजेल. सगळ्या खूश.

आता खरं सांगते मला काय झोंबलं ते. मी अकरावीत आहे, कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या आश्लेषा मॅडमच्या मदतीनं नेमकं ह्याच कामाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. सगळ्या बायकांची घरं भरून शाळेच्या लॅबमध्ये तो चालत होता. तो चोवीस तास चालायचा तर कुठलीतरी क्लाउड सेवा घ्यावी लागणार, एवढंच राहिलं होतं. मी सदाकाकांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी रांगोळी स्पर्धेची वर्गणी मागायला आलेय.

तर रविवारी क्षिप्राताईंनी ॲपवर ऑर्डर दिली. त्यांना वाटलं नीराबाईच, म्हणजे माझी आईच येणार. ॲपनं बघितलं, सगळ्यात जवळ कोण? हेमालीवहिनी स्कूटरवरून तिथूनच चालली होती. आई इकडं खळ्यावर बोंबील वाळत घालत होती. वाजली घंटी वहिनीची.

मी तडक तिच्या ओट्यावर गेले. ती माझ्या चुलतभावाची बायको, म्हणजे घरातलीच, म्हणून जास्तच राग. ती म्हणाली, मोबाईलनं सांगितलं तिथं मी गेले. मी विचारलं, ते घर कुणाचं हे तुला ठाऊक नव्हतं का? त्यावर तिनं कोलंबी सोलता सोलता, मान वर न करता सांगितलं,

"काकीला सून कुठं हाय, किशोरी? उद्या ती घरं माझीच व्हायची. आज गेले तर काय बिघडलं?"

आणि ती खरं बोलत होती. मला भाऊ नाही. सून नसली की घरं दिराच्या सुनेकडं जातात. लेकीकडं कधीच नाही. लेक काय, लग्न होऊन जाणार. आतापर्यंत मी ह्या रीतीसाठी भांडायला निघाले होते, आणि त्या रीतीत माझं नावच नव्हतं. घरी आले तर आई वाळत घातलेल्या बोंबलांकडं बघत बसलेली. मी तिच्यावरही ओरडले. तू गप्प का बसतेस, म्हटलं. ती म्हणाली, शिकलेल्या पोरानं केलंय, विचार करूनच केलं असेल. म्हणजे मी कोण, अडाणी?

गुरुवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग होती. ॲप कायम घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. कमलेशदादानं भिंतीवर रंगीत गोल आणि बाण दाखवले. मी हात वर केला. सदाकाकांनी बघितलं नाही, मग मी उभीच राहिले.

मी विचारलं, अमुक घर अमुक बाईचं, असं ह्याच्यात करता येतं का?

कमलेशदादा म्हणाला, तशी सोय नाही. कंपनीनं सगळ्या देशासाठी एकच बनवलंय. उलट चांगलंच की, जी जवळ असेल ती नेईल, गिऱ्हाइकाला लवकर मिळेल.

मग आम्ही भरलेली घरं काढून घेता येतील का?

तो जरा घुटमळला. म्हणाला, कंपनीला कळवावं लागेल. ते ठरवतील.

आपण नेमकं काय देऊन बसलोय ते तेव्हा बायकांच्या डोक्यात शिरलं. मागून नलूमावशी म्हणाली, "म्हंजे आमची घरं आता त्यांची?"

कमलेशदादा हसून म्हणाला, क्लाउड म्हटलं की असंच असतं. इथं मात्र माझं डोकं फिरलं.

"असंच नसतं," मी म्हटलं. "तीन तऱ्हा असतात, तुम्ही आम्हाला एकच दाखवलीत."

मी पुढं गेले. बायकांना म्हटलं, लग्नातलं हळदीचं जेवण आठवा. एक तऱ्हा म्हणजे ताट केटररचं. तो जे वाढेल ते खायचं, मीठ कमी पडलं तरी बोलायची सोय नाही. कमलेशदादाचं ॲप ते. दुसरी तऱ्हा, नुसतं मैदान भाड्यानं घ्यायचं. चूल, पाणी, मांडव, सगळं आपण बघायचं. म्हणजे नुसता सर्व्हर घ्यायचा. वारा आला, मांडव उडाला, तर धावायचं आपणच. ते मला झेपणार नाही, मी खोटं कशाला बोलू. तिसरी तऱ्हा हॉलची. गॅस, पाणी, भांडी, साफसफाई त्यांची. आचारी आपला, मसाला आपला, रस्सा आपला. आपण लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्या जागेवर चालतो. आवडलं नाही तर आपलं पातेलं उचलून दुसऱ्या हॉलमध्ये जायचं.

"हळदीचा रस्सा केटररला कोण देतंय?" नलूमावशी म्हणाली, आणि बायका हसल्या.

कमलेशदादा नाही हसला. "आचारी पुढच्या वर्षी बारावीला बसणार हाय. रस्सा जळला मग काय करशील गो? पेपर सोडून येशील?"

ह्यावर सगळे पुन्हा त्याच्याकडं वळले. सदाकाकांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, मशीन बंद पडलं तर ते बघायचं काम हॉलवाल्यांचं, माझं नाही. प्रोग्रॅम आश्लेषा मॅडमना माझ्याइतकाच येतो, त्यांना विचारूनच आलेय. परीक्षेच्या काळात त्याच्यात काही बदलणार नाही. आणि दादा, तुझं ॲप बिघडलं तर तू काय करणार होतास? कंपनीला कळवणार होतास ना?

त्यानं भिंतीवरचे गोल आणि बाण बंद केले. त्याचा मला आनंद झाला, लपवत नाही.

तेवढ्यात आई उठली. मीटिंगमध्ये ती कधी बोलत नाही. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर मला खाली बसायला सांगणार.

"तुझ्यात घर बाईच्या नावावर राहतं?" तिनं विचारलं.

राहतं, म्हटलं. दुसरीला ऑर्डर जातच नाही.

"आन् बाईच्या मागं?"

तिथं एक रकाना आहे, मी सांगितलं. पुढचं नाव. मी तो रिकामा सोडला होता. रीत सुनेची होती, पण तो शब्द टाईप करायला माझी बोटं तयार होईनात.

"मग माझ्या घरांपुढं किशोरीचं नाव घाल."

हेमालीवहिनी ताडकन उभी राहिली. "लेकीला घरं देतात काय कुठं? ती उद्या पुण्याला जाऊन इंजिनेर होईल, पाटी घेणार हाय काय ती?"

"घेईल न्हायतर न घेईल," आई म्हणाली. "क्षिप्राताईंना जाऊन काय सांगायचं ते ती सांगेल. माझ्या सासूनं मला दारी नेलं, मी हिला नेईन. घरं माझी हायत."

सदाकाका म्हणाले, हा विषय आजचा नव्हे. पण बायकांचा तोच विषय होऊन बसला होता. कुणी म्हणे बरोबर, कुणी म्हणे रीत मोडली. सखुबाई आणि तिची जाऊ तर एकमेकींच्या अंगावर धावल्या. त्या गोंधळातच हात वर झाले. ॲप नको, हॉल हवा. कमलेशदादानं सगळ्यांदेखत कंपनीला फोन लावून घरं काढायला सांगायचं, हेही ठरलं. त्यानं लावला. पलीकडून गाणं वाजत राहिलं.

मला मासळी विकायची आहे का, हे मला अजून ठाऊक नाही. पण नाव मला पाहिजे होतं. मॅडमनी दिलेला लॅपटॉप गुडघ्यांवर घेऊन मी तिथंच खाली बसले आणि आईच्या प्रत्येक घरापुढं ते टाकत गेले. कळा जरा जोरातच बडवत होते, रागानंच. इतकं साधं होतं हे, आणि इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं.

बायका पांगल्या. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. हेमालीवहिनी होती, कडेवर तिची लेक प्राप्ती अर्धवट झोपेत. वहिनीचा चेहरा अजून लालच होता.

"माझ्या घरांपुढं काय लिहिलंयस?"

काही नाही, म्हटलं. रिकामं आहे.

तिनं स्क्रीनवरच्या आपल्या घरांवरून बोट फिरवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा प्रोग्रॅम मराठीत आहे.

"प्राप्ती लिही," ती म्हणाली. "आन् माझ्याशी बोलू नको."