साडूंच्या विंचची पहिली ओढ

आमच्या साडूंनी जीपच्या पुढच्या बंपरला विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारी मोटर, बसवून घेतली, तेव्हापासून कोणाची तरी गाडी चिखलात रुतावी म्हणून ते टपून होते. कोणाचीच रुतेना. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने बजावलं, "एवढी सहल होऊ दे, मग ते धूड काढून टाकायचं."

सहलीत तळ्याकाठी माझी गाडी रुतली. माझ्याकडे इतक्या प्रेमाने तोवर सासरच्या कोणीही पाहिलं नव्हतं.

साडूंनी तार ओढून माझ्या गाडीला हूक अडकवला, तुटली तर उसळू नये म्हणून तारेवर सतरंजी टाकली, आम्हाला लांब उभं केलं आणि रिमोट दाबला. फक्त जीपचा हँडब्रेक ओढायचा राहिला. माझी गाडी जागची हलली नाही. जीपच डौलात चिखलात उतरली.

"झाली गळाभेट," मेहुणी म्हणाली. "आता?"

"आता तार त्या झाडाला बांधायची. जीप स्वतःच स्वतःला ओढून काढते."

"काहीतरीच! द्या इकडे तो रिमोट."

साडूंनी तार झाडाला बांधली आणि तिने बटण दाबलं. तार ताणली, जीप गुरगुरली आणि इंचाइंचाने वर चढू लागली. मेहुणी लहान मुलीसारखी किंचाळली. मग हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून तिनेच माझी गाडीही बाहेर काढली.

साडूंनी रिमोटसाठी हात पुढे केला. तिने तो पाठीमागे लपवला.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "गाडी परत जरा आत घाला ना."

मी घातली.