चवीपुरती बोली

गोकुळा एसटीत कंडक्टर होती. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी या रस्त्यावरच्या फेऱ्या तिच्या वाट्याला यायच्या. बायका माहेरीसुद्धा बोलत नाहीत इतकं मोकळं त्या गाडीत बोलायच्या, आणि तिकिटं फाडता फाडता गोकुळाचे कान तिकडेच असायचे. त्यातूनच तिला गोष्टी सुचायला लागल्या. माणसं जशी बोलतात तशाच, त्या भागातल्या झाडीबोलीत ती त्या लिहून काढायची.

गोष्टींचं बाड तिने पुण्याच्या एका प्रकाशनाकडे पाठवलं, तेव्हा उत्तराची फारशी आशा नव्हती. पण तिथल्या संपादक बाईंचा फोन आला. गोष्टी त्यांना मनापासून आवडल्या होत्या. फक्त भाषा प्रमाण करा, बोली आपली चवीपुरती ठेवा, असं त्या म्हणाल्या. गोकुळा हरखून गेली. सुट्टीच्या दिवशी मांडी ठोकून बसली आणि तिने सगळे 'मले' 'मला' केले, 'काऊन' खोडून 'का' लिहिलं. संध्याकाळी नवऱ्याला, सोनूला, वाचून दाखवलं. गोष्टीतला इस्तारीबुढा, ज्याचा जन्म तळ्यावर मासे धरण्यात गेला, तो आता बातम्या दिल्यासारखा बोलत होता.

सोनूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा बुढा बिमार हाय का? असा काऊन बोलून राह्यला?"

गोकुळा हसली खरी, पण बाड उचलून तिने पेटीत टाकलं ते टाकलंच.

पुढे एकदा गाडीत एक माणूस खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटताना दिसला. ती तिकिटासाठी उभी राहिली तरी त्याला पत्ता नाही. कान देऊन ऐकलं तर कविता, आणि तीही झाडीबोलीतली. "तिकीट घ्या भाऊ, मंग पुढची ओळ म्हना," ती म्हणाली. तो देवानंद. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला होता. ओशाळत त्याने तिकीट घेतलं, पण पुढची ओळही म्हटली. उतरेपर्यंत दोघांनाही कळून चुकलं होतं, की या रस्त्यावर लिहिणारे आपण एकटे नाही.

देवानंदच्या ओळखीतून रीना आली. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत ती शिकवायची. घरी माडिया गोंडी बोलायची, लिहायची मराठीत, पण गोंडी शब्द जिथे हवा तिथे बेधडक. सूरजागडच्या लोहखाणीवर डंपर चालवायला शिकणाऱ्या पोरीची कथा तिने लिहिली होती. एका साहित्य संमेलनात तिला बोलावलं, तेव्हा कथा राहू द्या, पारंपरिक पोशाखात एखादं गाणं म्हणा, असा आग्रह झाला होता. हे ती हसत हसत सांगायची. पण त्यानंतर बरेच दिवस तिने लेखणी हातात धरली नव्हती.

गोकुळाच्या सुट्टीला तिघं देवानंदच्या क्वार्टरच्या ओसरीवर जमायला लागली. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी आधी हसू कुठे आलं ते सांगायचं आणि मग कंटाळा कुठे आला ते. देवानंदच्या कवितांत चंद्र फार यायचा. "तुमच्याकडे रोजच पुनव असते का?" असं रीनाने विचारल्यापासून त्याने चंद्राला सुट्टी दिली आणि कारखान्याच्या भोंग्यावर लिहिलं. ती त्याची सगळ्यात चांगली कविता ठरली.

तिघांनी मिळून एक पुस्तक काढायचं ठरत होतं, तोच पुण्याच्या बाईंचा पुन्हा फोन आला. गोकुळाचं एकटीचं पुस्तक काढायची त्यांची तयारी होती, भाषा तेवढी बदलून. मुखपृष्ठावर आपलं नाव, पुण्या-मुंबईच्या दुकानांत पुस्तक! गोकुळाने दोघांना सांगितलं तेव्हा रीना म्हणाली, "दे बाई. आमचं आम्ही पाहू. तुझं नाव झालं तर आम्हाले वाईट नाई वाटणार."

ती मनापासून म्हणत होती, आणि म्हणूनच गोकुळाला ते जड गेलं. दोन दिवस तिने फेऱ्या केल्या, तिकिटं दिली, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. मग आष्टीच्या स्टँडवर गाडी उभी असताना तिने फोन लावला. पुस्तक तिघांचं करा आणि बोली आहे तशी राहू द्या, असं तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, आमच्या वाचकांना ते कळणार नाही.

"मॅडम," गोकुळा म्हणाली, "तुमच्याकडच्या पुस्तकांत अळुवडी वाचली तवा मले समजली होती का? वाळवण, पागोळी, काईच नाई. तरी मी वाचतच राह्यली. तुमचे वाचक आमच्यासाठी एवढं करतीनच ना."

पलीकडे बाई मोठ्याने हसल्या. मालकांना पटवायचं त्यांनी कबूल केलं. आठवड्याने नकारच आला. तिघांनी पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं, तेव्हा मात्र बाईंनी हात आखडता घेतला नाही. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक कसा मिळवायचा, कागद कोणता घ्यायचा, मांडणी कशी करायची, सगळं त्यांनी फोनवर समजावलं.

छपाई चंद्रपूरला झाली. प्रेसमधल्या श्रावणभाऊंनी प्रेमापोटी आधीच सगळं पुस्तक 'सुधारून' ठेवलं होतं. एवढ्या चुका कोणी करतं का, म्हणून त्यांनाच वाईट वाटलं होतं. तिघं त्यांच्या शेजारी खुर्च्या टाकून बसली आणि एकेक शब्द परत वाकडा करत गेली. संध्याकाळपर्यंत श्रावणभाऊ स्वतःच म्हणायला लागले, "इथी 'कायले' पाहिजे का जी? 'कशाला' म्हटलं तर मजा नाई येत."

प्रकाशन गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात झालं, भाजीच्या ओळीला लागून. रीनाने डंपरची कथा वाचली. आधी पोरं थांबली, मग बाया टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. डंपर घाटात मागे सरकतो तिथे एका म्हातारीने रीनाचा हात धरून विचारलं, "पोरगी वाचते ना? तेवढं आधी सांग." रीनाने तो हात न सोडता कथा पुरी केली.

पुस्तकांचा ढीग अर्ध्यावर आला तेव्हा तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याहून आलेले सोमाजी नावाचे गृहस्थ पुढे झाले. पंक्चरचं दुकान चालवायचे. आपणही लिहितो, पण मराठीत निम्मी तेलुगू येते, चालेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"पहिले वाचा तर," देवानंद म्हणाला.

सोमाजी उभ्या उभ्या वाचायला लागले आणि त्या नादात त्यांची परतीची गाडी निघून गेली. मग गोकुळाचा नवरा सोनू त्यांना घरी घेऊन गेला. मासे तळले, आणि उरलेली गोष्ट सगळ्यांनी जेवता जेवता ऐकली.