दोन खोळींची उशी

“दाणा बोटानं धर गं, नखानं नगं. कापड फाटंल की!”

प्रेमाबाईंनी सुनेच्या हातातली पांढरी खोळ ओढून घेतली. हरभऱ्याचा दाणा कापडाखाली धरला, त्याच्याभोवती दोऱ्याचे वेढे दिले, गाठ आवळली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. रंगात बुडवून काढलं की त्या गाठीच्या जागी पांढरं कडं उरणार होतं.

“अव्वा, आधी तर तुम्हीच म्हणत हुता, असली थेरं नगं म्हणून,” महेश्वरी हसत म्हणाली.

“म्हणत हुते. आता मांडलंयच तर नीट करा. व्याह्यांकडच्या वाशीच्या बायका रुखवत उलटून-पालटून बघतेत. नवरीची आई आंधळी हुती का, म्हणतील.”

नवरी, म्हणजे गायत्री, उंबऱ्यात बसून दोरा गुंडाळत होती. उशांच्या खोळी बांधून रंगवायचं खूळ तिनेच मोबाईलवर बघून घरात आणलं होतं. सोलापूरहून रंगाच्या पुड्याही तिनेच आणल्या. पण पहिल्या दिवसापासून कारभार प्रेमाबाईंच्या हातात गेला होता. कापड आधी सोड्याच्या गरम पाण्यात उकळून काढायचं, हा नियम गायत्रीने वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “ह्यात काय शिकायचं? तेलकट कापड रंग धरत न्हाय, हे माझ्या आज्जीला बी ठाऊक हुतं.”

अणदूरच्या त्या अंगणात चूल पेटली होती. जुन्या पातेल्यात निळा रंग मिठासकट रटरटत होता. लग्न चार दिवसांवर आलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. श्रीशैलचा, महेश्वरीच्या नवऱ्याचा.

गायत्रीने स्पीकर लावला. श्रीशैल पार तिकडे अरुणाचलात, डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचा. दसरा झाला आणि गेला, तो अजून आला नव्हता. त्याचा आवाज तुटत तुटत आला.

“अव्वा, न्हाय जमायलंय गं. दरड आलीय. रस्ता बंद. गाड्याच खाली उतरंनात.”

प्रेमाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. मग गायत्री म्हणाली, “अन् माझ्या नवऱ्याचा कान कोण पिळायचा रं दादा? भाऊ नसल्यावर?”

“शरणप्पा काकाला सांग की. चुलता बी चालतो, अन् त्याचा हात लई जड हाय.”

“त्याच्या हातानं कान तुटंल. मग बिनकानाचा नवरा घिऊन मी वाशीला जाऊ व्हय?”

तिकडून हसण्याचा आवाज आला, पण अर्धाच. रेंजने उरलेला खाल्ला. प्रेमाबाई फोनकडे न बघता म्हणाल्या, “आपला अणदूरचा खंडोबा बी दर साली नळदुर्गाला जातो. पर ठरल्या दिशी माघारी येतो. देवाला जमतं, तुला जमंना.”

“अव्वा, ऐक की...”

“ऐकलं. तिच्याशी बोल.”

फोन महेश्वरीच्या हातात आला. स्पीकर तसाच चालू होता. समोर सासू, नणंद, कुंपणापलीकडे भांडी घासता घासता थांबलेली शेजारीण. किती महिन्यांचं बोलणं साठलं होतं. रोज रात्री पोरीला थोपटताना ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची, तेव्हा शब्द कसे भरभर यायचे.

“जेवताय न्हवं येळंला?” ती म्हणाली.

“व्हय. तू?”

“मी बी.”

आणि फोन कटला.

“अंगणवाडी सुटली आसंल,” असं म्हणून ती पदराला हात पुसत बाहेर पडली. तिथे जायला अजून अवकाश होता. तिने खंडोबाच्या देवळामागचा लांबचा रस्ता धरला आणि चालता चालता डोळे पुसून घेतले. रस्त्यात कुणी विचारलं असतं तर चुलीचा धूर गेला म्हणून सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही.

तिला फक्त घरी जाऊन पाच मिनिटं पाठ टेकायची होती. आतल्या खोलीत, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला, त्या उशीवर.

ती उशी श्रीशैलची. त्याला लहानपणापासून टाळूवर तेल थापून झोपायची सवय. कसलं तरी हिरवट, मेंदी घालून उकळलेलं खोबरेल. लग्न होऊन आली तेव्हा महेश्वरीला त्याचा राग यायचा. दर आठवड्याला खोळ उकळायची आणि पुटपुटायची, नवरा केला की तेलाचा घाणा केला. पण तो गेला त्या सकाळी तिने धुण्याचा ढीग गोळा केला आणि ती खोळ हातात घेऊन उभी राहिली. धुवायला टाकवेना. तशीच ठेवली, तर सासू म्हणणार, कळकट. मग तिने तिच्यावरून दुसरी, धुतलेली खोळ चढवली. वरची ती नेमाने धूत राहिली. आतली तशीच राहिली. पोरगी शिवप्रिया झोपली की ती वरच्या खोळीचं तोंड थोडं सारायची आणि नाक खुपसून पडायची. हे कुणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखंही नव्हतं ते.

शिवप्रियाला कडेवर घेऊन ती परतली, तेव्हा अंगणात पातेल्याभोवती वाफ दाटली होती. रुखवताच्या खोळी दोरीवर टपटपत होत्या. आणि प्रेमाबाई काठीने पातेल्यात आणखी काहीतरी खाली दाबत होत्या.

“रंग उरला हुता,” त्या म्हणाल्या. “फेकायचा कशाला? पावण्यांपुढं पांढऱ्या-पिवळ्या उशा ठिवायच्या व्हय? घरातल्या समद्या टाकल्या. हातासरशी दोन-दोन गाठी बी मारल्या.”

महेश्वरीने पोरीला खाली ठेवलं. ती आत गेली. भिंतीकडची उशी उघडी पडली होती. नुसता कापूस भरलेला पट्ट्यापट्ट्यांचा गोळा. तिने ती उचलली, हुंगली. कापसाचा कोरडा वास आला, बाकी काही नाही.

ती बाहेर आली, तेव्हा प्रेमाबाई काठी हलवत म्हणाल्या, “अन् त्या उशीला दोन-दोन खोळी कशाला गं घातल्या हुत्या?”

महेश्वरीने पदर खोचला. “कापूस बाहेर येत हुता, अव्वा.”

“सोड्यात उकळायला येळ नव्हता. पर तू तर धूतच आसतीस.”

“व्हय,” ती म्हणाली.

राग करावा तर कुणाचा? हातपाय हलवत ठेवल्याशिवाय प्रेमाबाईंना दुःख सोसत नसे. नवरा गेला त्या वर्षी त्यांनी घराच्या चारी भिंती एकटीने पोतेऱ्याने सारवून, पांढऱ्या करून काढल्या होत्या. आज लेक येणार नाही म्हटल्यावर त्यांना घरातलं सगळं रंगवून काढायचं होतं, एवढंच.

पातेलं उतरलं. गार पाण्यात खोळी खळबळून गाठी सोडायचं काम गायत्रीकडे होतं. प्रत्येक दोरा तुटला की एक भिजलेला हरभरा टपकन ताटलीत पडायचा आणि शिवप्रिया टाळी वाजवायची.

“हे बघ गं अव्वा!” गायत्री एकदम म्हणाली. “ही बिघडली. मधीच पांढरं ऱ्हायलंय. केवढालं!”

तिने खोळ दोन्ही हातांनी उंच धरली. कडेने निळी, कोपऱ्यांत प्रेमाबाईंच्या गाठींची दोन बारीक कडी. आणि बरोबर मधोमध, जरा एका अंगाला कललेला, फिकट लांबट गोल. तिथे रंग नुसता शिवून गेला होता, बसला नव्हता.

“सोड्यात उकळते अन् परत टाकते,” गायत्री म्हणाली. “अजून रंग हाय.”

शिवप्रियाने पुढे होऊन त्या गोलावर आपला ओला पंजा ठेवला. पंजा पुरेना, म्हणून दुसरा ठेवला.

प्रेमाबाई जवळ आल्या. आधी त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मग खोळ हातात घेतली आणि गोलाच्या कडेने अंगठा फिरवला. वर, जिथे टाळू येते तिथे, अंगठा थांबला. लहानपणी श्रीशैलला दोन गुडघ्यांत दाबून धरून, तो किंचाळत असताना, त्याच टाळूवर त्या तेल थापायच्या. हे त्यांनीच महेश्वरीला कितीदा तरी सांगितलं होतं.

त्यांनी मान वर केली आणि सुनेकडे बघितलं. महेश्वरीने घाईघाईने ताटलीतले हरभरे वेचायला घेतले.

“दे की अव्वा, उकळते,” गायत्रीने हात पुढे केला.

“नगं.”

“अगं, बिघडलीय ती. पावण्यांपुढं...”

“नगं म्हणलं ना तुला!” प्रेमाबाई खेकसल्या. “सासरला चाललीस, पर येका बोलीत ऐकायचं अजून शिकली न्हाईस.” आणि त्यांनी ती खोळ पिळली नाही. तशीच निथळू देत, दोरीच्या पार शेवटच्या टोकाला, सावलीत वाळत घातली.

ऊन उतरलं तशी कामं वाढली. मांडवाचे बांबू आले, शरणप्पा काका खड्डे खणायला आले आणि दोनदा चहा घेऊन गेले. महेश्वरी दोरीवरच्या खोळी काढायला गेली, तेव्हा ते शेवटचं टोक रिकामं होतं. विचारायचं तरी कसं?

दिवेलागणीला पोरगी पेंगायला लागली. तिला घेऊन महेश्वरी आत गेली. भिंतीकडच्या उशीला खोळ घातलेली होती. साधी, पांढरी, धुतलेली, पेटीतून काढलेली. तिने पोरीला अलगद ठेवलं. पोरीचं डोकं टेकवताना तिच्या बोटांना कापड जाड लागलं.

तिने वरच्या खोळीचं तोंड थोडं सारलं. आत निळं होतं.

ती वाकली. सोड्याचा नाही, तेलाचा नाही, नुसता रंगाचा आणि मिठाचा उग्र वास. तिने तरी नाक तिथेच ठेवलं. मग हात आत सरकवला आणि तो गोल बोटांनी शोधत राहिली. अंधारात, बोटांना, निळं आणि पांढरं सारखंच लागत होतं.

बाहेर गायत्री मोठ्याने उशा मोजत होती. मध्येच तिने आत डोकावून बोट केलं, “अन् ही एक...”

“ती सोडून मोज,” अंगणातून प्रेमाबाईंचा आवाज आला.