धानाचा काटा

आमच्या घरात देवाचं नाव कमी अन् वजनाचं जास्त, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती. आमचे हे, म्हणजे देवाजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून रिटायर झाले. दुसरी माणसं ज्या वयात नातवंडं खेळवतात त्या वयात यांनी विमान बनवायले घेतलं. खेळण्यातलं नाही बाप्पा, खरंखुरं, दोन सीटचं. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात जागा कुठली, म्हणून कुहीले यांच्या जुन्या दोस्ताच्या, चंद्रभानच्या शेतावर टिनाचं शेड टाकलं. उडवायचं शिकले. परवानग्यांसाठी चपला झिजवल्या. मी पहिले हसली, मंग भांडली, मंग मुकाट्यानं डबा भरून द्यायले लागली.

डबा काहून द्यायले लागली, तं त्याले कारण होतं. त्यातली दुसरी सीट माही होती. चाचण्या आटोपल्या की पहिली सवारी तुही, असं यांनी कबूल केलं होतं. मी आजवर विमान पाह्यलं ते खालूनच, अंगणात कपडे वाळत घालता घालता. ते आता वरून पाहायचं होतं मले. साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं होतं मी.

पण विमान तयार झालं अन् जड भरलं. इंजिनच भल्लं जड होतं, अन् ते तं बदलता येत नव्हतं. मंग सुरू झालं यांचं. नटाच्या बाहेर आलेलं बोल्टाचं टोक काप, फळीच्या जागी पातळ पत्रा टाक, सीटच्या फ्रेमले भोकं पाड. हौसेनं लावलेला निळा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, रंगालेही वजन असते म्हणे. माहा लाडवाचा रवा मोजायचा काटा शेडवर नेला, तो ग्रीसनं काळा होऊन वापस आला. काही बोललं की म्हणत, थेंबे थेंबे तळे साचे. मी म्हटलं, घरातल्या चाळणीले हात लावू नका फक्त, तिले भोकं आहेतच.

असंच एक दिवस जेवता जेवता यांनी विचारलं, तुहं वजन किती वं? मी भाजी वाढून राहिली होती. हात थांबू न देता म्हटलं, पंचावन्न.

आता पंचावन्न मी होती, नाही असं नाही. वैभवी पोटात यायच्या आधी होती. त्या वैभवीले आता स्वतःची पोरगी हाये. पण बायकांनी वय अन् वजन खरं सांगावं असं कुठं लिहून ठेवलं हाये? झाकली मूठ सव्वा लाखाची. यांनी एकदा माह्याकडे पाह्यलं, बरं म्हणाले, अन् पोळीचा घास मोडला.

त्या दिवसापासून यांचं जेवण कमी झालं. रात्री दोनाची एक पोळी झाली, मंग ती एकही गेली अन् नुसतं ताक उरलं. काहून म्हणून विचारलं तं म्हणे, अ‍ॅसिडिटी वाढली. गळ्याची हाडं वर आली. मी रोज बोलत होती, माणसानं म्हातारपणी असे ढोंग करू नाही, जेवा नीट. हे हो हो म्हणत अन् ताकाचा गिलास तोंडाले लावत.

शेवटी दिवस ठरला. मी उमरेडहून माह्या भावजयीले, सुभद्राले, मुद्दाम बोलावलं. तिलेच काहून, ते सांगते. आमचे बाबा लवकर गेले अन् माहं लग्न लांबलं. भाऊ रोज ताटावर बसला की म्हणे, बहीण जड झाली घराले. सुभद्रा पदराआड हसायची. ते हसणं मी कधी विसरली नाही. लग्नानंतर एकदा रडत रडत हे सारं मी यांना सांगितलं होतं. पण सांगितलं होतं हे मात्र मी साफ विसरून गेली. मले एवढंच मालूम, की जड झालेली ननंद आभाळात कशी जाते ते सुभद्राले खाली उभं राहून पाहू दे.

शेतावर पोचलो तं खळ्यावर धानाची रास पडली होती. मळणी झाली होती, व्यापारी धान भरलेले कट्टे काट्यावर मोजून राहिला होता, अन् विमान पाहायले म्हणून अर्धं कुही जमलं होतं. मी नवी साडी नेसलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून जागोजागी पिना लावलेल्या. ऐटीत विमानाजवळ गेली अन् आत डोकावून पाह्यलं. एकच सीट. माह्या जागी उघडा पत्रा.

हे पान्हा पुसत उभे होते. माह्याकडे न पाहता म्हणाले, इंजिन जड पडलं वं, काल दुसरी सीट काढून टाकली, मी एकटाच एक चक्कर मारून येतो. मागून सुभद्रा गोड आवाजात म्हणाली, असू दे वं ताई, आपल्या पायाले जमीनच बरी.

झालं. माहं डोकं फिरलं. एवढ्या लोकांत मी यांचा जो उद्धार केला, तो आठवला की आजही कान गरम होतात. फेकू म्हटलं. जन्मभर नटबोल्टाचं ऐकलं, बायकोचं काहून ऐकाल म्हटलं. एवढं उपाशी राहून तुमची अक्कल सुकली, असंही म्हटलं. हेच तेवढं बोलली नसती तं बरं झालं असतं. यांनी पान्हा खाली ठेवला. म्हणाले, हो, चुकलं माहं. लोकं खाली पाहायले लागले, तवा मी तिथून निघाली अन् शेडमधी जाऊन बसली.

तिथं कोपऱ्यात ती सीट पडली होती. तिले पाहून आणखीच राग आला. लाथ मारावी असं वाटलं, पण आधी पट्टा हातात आला. कमरेचा पट्टा. त्याले मधातच जोड दिला होता. दुसरा तुकडा लावून, जाड दोऱ्यानं, बारीक टाके घालून शिवलेला. यांच्या हातचे टाके मी ओळखते, वैभवीचं दप्तर हेच शिवत. मी तो पट्टा कमरेभोवती धरून पाह्यला. बरोबर आला, ना सैल ना घट्ट.

पंचावन्न किलोच्या बाईले एवढा पट्टा लागतच नाही.

मी तशीच पट्टा धरून उभी, तेवढ्यात चंद्रभान पाण्याचा लोटा घेऊन आला. मी त्याले सरळ विचारलं, यांना मालूम होतं? त्यानं लोटा खाली ठेवला. म्हणाला, वहिनी, तुम्हाले मागं बसवून जन्मभर स्कूटर चालवली त्यानं, तुम्ही बसल्यावर ती किती दबते ते त्याले मालूम नसंल का? तुमचं खरं वजन धरूनच तो पहिल्या दिवसापासून विमान हलकं करून राहिला होता. बोल्ट कापून भागलं नाही तं स्वतःले कापायले लागला. काल शेवटचा हिशोब केला, तरी भागेना. मी म्हटलं, गा देवाजी, वहिनीले सांगून दे, थोडं उतरवतील अन् उन्हाळ्यात बसतील. तं तो काय म्हणाला सांगू?

चंद्रभाननं जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले होते, "जड हा शब्द तिच्या भावानं तिले म्हटला हाये. मी नाही म्हणणार. मी इंजिन जड म्हणीन."

माणूस दिवसभर जड-जड करत होता. बोल्ट जड, पत्रा जड, रंग जड. घरात तो शब्द हजारदा बोलला असंल, पण माह्यासाठी कधी नाही. अन् मी त्याच माणसाची साऱ्या गावात शोभा केली. त्याच्या उपासावर बोलली. धरणीमाय पोटात घेईल तं बरं, असं आजवर नुसतं ऐकलं होतं. त्या शेडमधी उभ्या उभ्या ते खरोखर वाटलं. वजनाची लाज फार मागं राहिली होती.

मी सीट उचलली. यांनी इतकी भोकं पाडली होती की एका हातात आली. चंद्रभान वहिनी, वहिनी करत मागं आला, मी थांबली नाही. खळ्यावर धानाचा काटा होता, मोठा, लाल आकड्यांचा. त्यावरचा कट्टा व्यापाऱ्याले उतरवायले लावला, सीट मांडली, बसली अन् पट्टा बांधला. नव्या साडीवर, सुभद्राच्या समोर.

यांना हाक मारली. "अजी, या इकडे. वाचा."

हे धावत आले अन् खांद्यावरचा दुपट्टा काढून आकड्यावर टाकला. हळूच म्हणाले, ऊठ वं, लोकं पाहून राहिले.

"पाहू द्या," मी म्हटलं. "इंजिन नाही, मी जड हाये. मी खोटं सांगितलं."

अन् मीच दुपट्टा ओढून काढला. आता साऱ्या कुहीले मालूम आहे तं तुमच्यापासून काहून लपवू? सीट धरून शहात्तर. सुभद्राचा पदर तोंडावर गेला नाही. हे त्या आकड्याकडे पाहत राहिले, मंग माह्याकडे पाह्यलं. चेहरा असा, जसं यांचंच काही उघडं पडलं.

"काटा खराब हाये," हे मोठ्यानं म्हणाले. "जास्त दाखवून राहिला."

व्यापाऱ्याचा धानाचा काटा कमी दाखवते, जास्त कधीच दाखवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालेही मालूम हाये. खळं सारं शेतकऱ्यांनी भरलं होतं. हसायले याच्याहून चांगली जागा त्यांना मिळाली नसती.

कोणी हसलं नाही. व्यापाऱ्यानंच मान खाली घातली अन् म्हणाला, हो काकू, हा थोडा जास्तच दाखवते.

मी पट्ट्याची कडी सोडायले गेली, पण हात त्या जोडावरच थांबला. मंग यांचाच दुपट्टा तोंडावर घेतला अन् तशीच काट्यावर बसून राहिली.