निम्म्या भावातली सुट्टी

जुन्या फर्निचरच्या धंद्यात नवरा-बायकोचं पटतं की नाही याला फारसं महत्त्व नसतं, नाटक जमलं पाहिजे. या दोघांचं ते इतकं जमलं होतं की बघणाऱ्याने तिकीट काढून यावं. कुणाच्या घरी कपाट बघायला गेले की ती दारातूनच हरखायची, "अय्या, किती सुंदर!" नवरा तोंड वाकडं करून कपाटाच्या पाठीवर टिचक्या मारत राहायचा. तिने हट्ट धरायचा, त्याने नाही म्हणायचं, शेवटी त्याने उठून दाराकडे चालू लागायचं आणि तिने बाही ओढून त्याला परत आणायचं. बाही ओढेपर्यंत कपाटाचा मालक भाव खाली आणायचाच. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हा प्रयोग कुठल्याही घरात फसला नव्हता.

म्हणजे, एकदा जरासा घोळ झाला होता. दवाखाना बंद करणाऱ्या एका दाताच्या डॉक्टरची खुर्ची निम्म्या भावात मिळाली म्हणून नवऱ्याने उचलली. ती पुढे कोण घेणार, हा प्रश्न निम्म्या भावापुढे त्याला सुचलाच नाही. खुर्ची अजून दुकानाच्या मागच्या खोलीत पडून आहे आणि दुपारी तो तिच्यावर डुलकी काढतो.

त्या रविवारी मात्र दोघं नाटक करायला निघालीच नव्हती. फोन आला होता. सुट्टीच्या घरांची एक योजना आहे, नवरा-बायकोने जोडीने यायचं, दीड तास ऐकून घ्यायचं, मग घ्या किंवा नका घेऊ, जाताना चाकांची प्रवासी बॅग भेट.

"ऐकायला आपल्या बापाचं काय जातंय?" नवरा म्हणाला. "बॅग घ्यायची आणि सुटायचं. दुकानात हातोहात जाईल."

ती हो म्हणाली, पण सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा कपडे बदलले, गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून परत गेली. लग्न झाल्यापासून ही दोघं घराबाहेर कुठे राहिली म्हणून नव्हती. दर वर्षी काहीतरी निघायचं. कुणाचं घर रिकामं व्हायचं, कुणाला तातडीने पलंग हवा असायचा. तिने कधी तोंड उघडून मागितलं नव्हतं हेही खरं. मागायला गेलं तर आवाजात तो नेहमीचा हट्ट यायचा, आणि त्या हट्टाची तिला स्वतःलाच शिसारी बसली होती.

हॉटेलच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि त्यांच्यासमोर एक टायवाला. कुणी योजना घेतली की सगळे टायवाले उठून टाळ्या वाजवायचे आणि बाकीची जोडपी उगाच अपराधी चेहरे करून पाणी प्यायची. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. किती दाबला तरी थांबेना.

"घर विकत घ्यायचं नाही, मॅडम, पॉइंट घ्यायचे," यांच्या वाट्याचा टायवाला समजावत होता. "दर वर्षी तुमच्या खात्यात पॉइंट जमा होणार. ते मोडून कुठल्याही गावच्या आमच्या घरात राहा. गर्दीच्या दिवसांत जास्त पॉइंट लागतात, एरवी कमी. फक्त बुकिंग बरंच आधी करायचं आणि देखभालीचे पैसे दर वर्षी भरायचे."

"गेलो तरी आणि नाही गेलो तरी?" नवऱ्याने विचारलं.

"घर तर तुमच्यासाठी उभंच असतं ना, सर," टायवाला हसला आणि त्याने एक फोटो पुढे सरकवला.

फोटोत तळ्याकाठची गॅलरी होती आणि गॅलरीत दोन खुर्च्या. तिने सवयीने आधी खुर्च्यांचे पाय बघितले. मग तिच्या लक्षात आलं, की त्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि ती बोलूनच गेली.

"बावीस वर्षं आपण लोकांचे पलंग उचलतोय. मला एकदा अशा खोलीत उठायचंय, जिथलं काहीच आपल्याला विकायचं नाहीये. आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसलेले हवे आहात. नुसते बसलेले. खुर्ची उलटी करून न बघता."

टेबलाखाली नवऱ्याने तिच्या पायावर पाय दाबला. तिने वर बघितलं तर त्याचे डोळे कौतुकाने चमकत होते. वा, असं म्हणत होते ते डोळे, आज काय रंगलीयस!

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात एकदा खरं बोलले तर या माणसाने टाळी द्यायला पाय पुढे केला! पण नवरा एव्हाना आपल्या भूमिकेत शिरला होता. "हिचं काय, हिला काहीही आवडतं," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "पॉइंट म्हणजे हातात काय येतं हो? आम्हाला नाही परवडत."

टायवाल्याने मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी भाव उतरवला, वर दोन जादा रात्री घातल्या. नवऱ्याने मान हलवली, खुर्ची मागे सरकवली आणि तो दाराकडे निघाला. आता तिने बाही ओढायची होती. तिचे हात मांडीवरच राहिले. तो पुढे गेला, दारापाशी थांबला, कुणी ओढत नाही म्हटल्यावर आग विझवायच्या लाल नळकांड्यावरच्या सूचना वाचू लागला. त्याला पुढचं वाक्य माहीत नव्हतं, बिचाऱ्याला.

"निम्म्यात देतो," साहेब म्हणाले. "पण आज, आत्ता."

नवरा न ओढताच परत आला. दाताची खुर्ची घेतली त्या दिवशी होता, तोच चेहरा. "निम्म्यावर आलं!" तो तिच्या कानात पुटपुटला. "आता सोडायचं नाही. पेन घे."

तिने पेन घेतलं. सही करावी असं तिला अगदी मनापासून वाटलं. पैसे अडकले की हे सुट्टीला येतीलही, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला फोटोतल्या त्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. पेन बोटांत उलटं-सुलटं फिरत राहिलं.

"एखाद्या वर्षी नाही गेलो तर?" तिने विचारलं.

"पॉइंट पुढच्या वर्षात जातात, मॅडम."

"आणि पुढच्या वर्षीही नाही गेलो तर?"

टायवाल्याने साहेबांकडे पाहिलं. "मग ते बाद होतात," साहेब म्हणाले.

"नको," तिने पेन खाली ठेवलं.

नवऱ्याने टेबलाखाली पुन्हा पाय दाबला. अजून उतरेल, असा त्याचा अर्थ. तिने पाय झटकन मागे घेतला.

"अहो, मी भाव करत नाहीये. मघाशीही करत नव्हते."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा एकदम उतरला. "मग घेऊ या ना," तो घाईघाईने म्हणाला. "तुला हवंय तर घेऊ या."

"ही पण खुर्चीच होईल. मागच्या खोलीत पडून राहील आणि तुम्ही तिच्यावर झोपाल."

कुठली खुर्ची, ते साहेबांना कळलं नाही. त्यांनी बॅग आणायला सांगितलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने बॅग आडवी करून तिची चाकं फिरवून पाहिली. मग बायकोच्या नजरेला नजर भिडली आणि त्याने बॅग मुकाट्याने सरळ केली. दोघं घराकडे चालू लागली.

"इतकं चांगलं तू कधीच केलं नव्हतंस," तो चालता चालता म्हणाला. "म्हणून मला वाटलं..."

तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्हींचा राग आला.

पुढचे दिवस नवऱ्याचा पाय दुकानात एका जागी ठरेना. कपाटं इकडची तिकडे केली, परत तिकडची इकडे आणली. दुपारी खुर्चीवर आडवा झाला नाही. बॅग पुढच्या टेबलावर उभी होती. या दुकानात आलेल्या वस्तूला तासाभरात भावाची चिठ्ठी लागते. बॅगेला लागली नव्हती. आज लावतील, उद्या लावतील, असं मनाशी म्हणत ती बॅगेकडे बघायची आणि मग बघितलं म्हणून स्वतःवरच चिडायची.

आठवडा सरता सरता एक गिऱ्हाईक आलं, चष्मेवाला, चेंगट. आरसा बघायला आला आणि बॅगेपाशी थांबला. "ही कितीला?"

"ती विकायची नाही," नवरा म्हणाला.

"कळलं, कळलं," चष्मेवाला हसला. "बोला." आणि त्याने आपणहून आकडा सांगितला.

"खरंच विकायची नाही."

चष्मेवाल्याने आकडा वाढवला. नवऱ्याने नकार दिला, तसा आणखी वाढवला. चांगला भाव आला की नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, त्या झाल्या. गल्ल्यामागून तिला ते दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

"द्या की," ती शेवटी म्हणाली. "भाव चांगला आलाय." हे आपण टोमणा म्हणून बोललो की मनापासून, तिचं तिलाच कळलं नाही.

"देता येणार नाही," नवरा म्हणाला. "भरलेली आहे."

त्याने बॅग आडवी केली आणि चेन उघडली. एका बाजूला त्याचे दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, आणि काचेची वस्तू बांधावी तशा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला. दुसरी बाजू रिकामी.

"तुझ्या बाजूला काय घालायचं ते कळेना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दोनदा तुझं कपाट उघडलं. बाहेरगावी जायचं तर तू काय नेशील, हे मला माहीतच नाही. सोमवारपासून चार दिवस दुकान बंद ठेवतोय. गाव तू सांग."

ती गल्ल्यामागून बाहेर आली. बॅगेशी वाकली, वरचा शर्ट उचलून उजेडात धरला.

"हा नको," ती म्हणाली. "याची कॉलर विरलीय."

"हे बघा," चष्मेवाला म्हणाला, "रिकामी करून देणार असाल, तर शेवटचं बोला."

नवऱ्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. दुसरा शर्ट तरी चालेल की नाही, ते बघत तो बायकोसमोर उभा होता.